पांढऱ्या उजेडातली हळद

तवनाप्पाच्या जैन घरात ओली हळद चालत नाही, कंदमूळ ते. वाळली की तिचा दोष जातो, मग ती पेवभर चालते.

रेडिओ चालू केला की त्याच्या कपाळावर एक लाल ठिपका उजळतो.

"पेववाले पेव दोनदा उघडतात. एकदा तुमच्यासमोर, एकदा तुमच्यामागं." असं लोणंदचा साडू म्हणाला, लग्नाच्या पंगतीत, जिलेबीचा तुकडा मोडता मोडता.

कंदिलाच्या काचेला तडा. तड्यावर कागदाची पट्टी.

मेलेल्या माणसाची नखं निळी दिसतात.

पोत्याच्या तोंडाशी सोनं, बुडाशी कोंडा.

हे सगळं एका दोरीत ओवायचं तर १९९९ सालच्या दिवाळीपासून सुरुवात करावी लागते. त्या दिवाळीत तवनाप्पाचा मुलगा भरतेश सांगलीला आला. तो पुण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता, आणि कंपनीनं त्याला नवीन यंत्र शिकायला जपानला धाडलं होतं. तिथून त्यानं आईला साडीची पिन आणली आणि बापाला एक बॅटरी. बोटभर लांब, काळी, चपटी. तोंडाशी काचेचे तीन मणी.

तवनाप्पानं ती उलटीपालटी करून पाहिली. हळदीचा व्यापारी माणूस. हातात काहीही आलं तरी आधी वास घ्यायचा, मग वजन तोलायचं, मग देणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं, हा त्याचा क्रम. देणारा पोटचा पोरगा होता, म्हणून क्रम काही बदलला नाही.

"ह्यात बलब कुठाय?"

"बलब नाहीये बाबा. आपल्या रेडिओवर लाल ठिपका असतो ना, त्याचीच ही पांढरी भावंडं. एलईडी म्हणतात. आत तार नाही, म्हणून तार तुटायचा प्रश्नच नाही. पडली तरी चालते, सेल लवकर उतरत नाहीत."

"मग आत जळतंय काय?"

"काहीच जळत नाही."

"काहीच जळत न्हाई आणि उजेड पडतोय," तवनाप्पा म्हणाला. "दुकानदार असं बोलला असता तर मी पायरी उतरून आलो असतो."

भरतेश हसला. बापाचा हा स्वभाव त्याला पाठ होता. भाजीवाली वजन करायला लागली की बाप तराजूकडं न बघता तिच्या करंगळीकडं बघायचा.

भरतेश पुण्याला गेला, आणि तवनाप्पानं बॅटरीची परीक्षा मांडली. कोठीच्या खोलीचं दार लावून घेतलं, एका हातात आपली जुनी तीन सेलांची पत्र्याची बॅटरी, दुसऱ्या हातात ही नवी.

लांबचं बघायला जुनी बरी. जुनीचा झोत अंगण ओलांडून समोरच्या लिंबाच्या शेंड्याला जाऊन टेकायचा. नवीचा उजेड भिंतीपर्यंत जायचा आणि तिथंच बसकण मारायचा. दोष.

मग त्यानं नवी बॅटरी हातातून खाली टाकली. चुकून नव्हे, मुद्दाम. ती फरशीवर आपटली, कोलांटी खाल्ली, आणि जळतच राहिली. गुण, पण तवनाप्पाला तो आवडला नाही. ज्याला आपटलं तरी काही होत नाही त्याच्या मनात काय चाललंय हे कळायचं कसं?

पाण्याच्या बादलीत घालून बघावी असं त्याच्या मनात आलं होतं, तेवढ्यात दार ढकलून त्याची बायको गुणमाला आत आली.

"आवं, खोलीत कोंडून काय लावलंय? शेजारीण इचारतीया, आण्णा रागावलेत का म्हणून."

"हात लाव हिच्या काचेला."

तिनं बोट लावलं. "गारच हाय की."

"अर्धा तास जळतीया."

मग मात्र गुणमालेला त्या वस्तूत रस वाटला. संध्याकाळी दिव्याला किडे येतात, तापलेल्या काचेवर भाजून मरतात, म्हणून तिला दिवा लावतानाही जीव थोडा थोडा होई. ही काच तापतच नव्हती. किडा आला, बसला, उडून गेला. "बरी हाय वो," ती म्हणाली. "हिंसा न्हाई हिच्यात." आणि दिवसाउजेडीचं जेवण उरकायच्या घाईत ती बॅटरी घेऊन स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेली. लगेच तिचा आवाज आला. "आवं, हिकडं या. ह्या उजेडात आमटी बघा कशी दिसतीया. शिळ्यावानी."

तवनाप्पानं पाहिलं. आमटी खरंच हिरवट, मरगळलेली दिसत होती. गुणमालेनं हसत उजेड आपल्या तोंडावर घेतला. "आणि मी? तिरडीवर ठेवल्यागत?"

"असलं बोलू नगंस."

"मग खोटं दाखवतीया म्हणायची ही."

इथं थांबायला हवं होतं. गुणमालेनं परीक्षेचा निकाल दोन शब्दांत लावून दिला होता. पण तवनाप्पाच्या डोक्यात वेगळंच चाक फिरलं.

तो तरुण होता, व्यापारात नवा होता, तेव्हा कुंडलच्या एका वखारीत त्यानं पिवळ्या बलबाखाली हळद बघितली होती. केशरासारखी हळद. सौदा करून माल उचलला, आणि सकाळी उन्हात पोती उघडली तर आत मातकट, किडकी हळकुंडं. तेव्हापासून त्याच्या मनात पक्कं बसलं होतं की पिवळा उजेड भाट असतो. ज्याच्या अंगावर पडेल त्याची स्तुती करतो. आता त्याच्या हातात असा उजेड आला होता जो कुणाचीच स्तुती करत नव्हता. ना आमटीची, ना बायकोची. तवनाप्पानं बॅटरी बंद केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्यासारखं कुणीतरी भेटलं होतं.

*

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला रांजण. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं, खोली दोन पुरुषांहून जास्त. सांगलीजवळ हरिपूरच्या मातीत अशी पेवं खणतात, भिंती शेणमातीनं सारवतात, हळदीचा पाला आणि चटया लावतात, मग हळद ओततात, तोंडावर झाकण ठेवून मातीनं लिंपून टाकतात. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. हवा नाही म्हणून माणूसही नाही: उघडल्यावर पेव बराच वेळ मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं. विझला तर बसून राहायचं.

तवनाप्पाची हळद आकारामच्या पेवात होती. आकाराम आणि त्याची बायको हरणाबाई मिळून चार-पाच पेवं सांभाळायची. हरणाबाई सारवायची, तो भरायचा नि उपसायचा. आकारामच्या बापाकडं तवनाप्पाच्या बापाची हळद असायची. इतक्या वर्षांत एक हळकुंड इकडचं तिकडं झालेलं नव्हतं, आणि नेमकं हेच तवनाप्पाला मधूनमधून खटकायचं. इतकी वर्षं कुणी सरळ राहतं का?

त्यात लोणंदच्या साडूची ती जिलेबी.

मार्गशीर्षात भाव चढला आणि तवनाप्पानं पेव उघडायला सांगितलं. सकाळी झाकण निघालं, हवा खेळली, कंदील उतरला, मागोमाग आकाराम उतरला. बुट्ट्या भरून वर येऊ लागल्या. वरती दोन हमाल पोती भरत होते. हळद पिवळीधमक होती. तवनाप्पा प्रत्येक बुट्टीतलं एखादं हळकुंड उचलून मोडत होता. ठण्ण आवाज व्हायचा, आत नारिंगी रंग. त्याला दोष सापडत नव्हता आणि त्याचा संशय वाढत होता. पोत्याच्या तोंडाशी सोनं असतंच.

अर्धं पेव उपसलं तेव्हा आकाराम जेवायला वर आला. कंदीलही वर काढून ठेवला. मंडळी झाडाखाली भाकऱ्या सोडून बसली. तवनाप्पा मात्र पेवाच्या तोंडाशी पालथा झाला, हात आत लोंबकळत सोडला, आणि खिशातली बॅटरी लावली.

खाली हळद हिरवट होती.

त्यानं डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. हिरवट, फिकी, मेलेली. सकाळपासून वर आलेली ती पिवळीधमक हळद कुठं, आणि ही कुठं!  त्याला दुःख झालं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त समाधान वाटलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघत होतो ते सापडलं.

"आकाराम!" तो ओरडला. "वरची हळद माझी, खालची कुणाची रं?"

आकारामच्या हातातला घास हातात राहिला. हमालांनी माना वळवल्या.

"कुणाची म्हंजे? तुमचीच की आण्णा."

"माझी राजापुरी जातीची हुती. ही कुठली किडकी आणून भरलीस? दोनदा उघडतासा पेव, ठाऊक हाय मला. सगळ्या पेठंला सांगतो आज. आकारामच्या पेवात हळद बदलती!"

आकाराम उठला. हात धुतले नाहीत, तसाच आला. त्याचा चेहरा शांत होता, पण हरणाबाईनं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. एका व्यापाऱ्यानं असं मोठ्यानं म्हटलं की दुसरा त्या पेवाकडं फिरकत नाही, हे तिला ठाऊक होतं. पेवाच्या शेणमातीची किंमत काहीच नसते; किंमत असते ती पेववाल्याच्या शब्दाची.

"आण्णा," आकाराम म्हणाला, "तुमी हे बोलला आणि ह्या दोघांनी ऐकलं. आता माझ्या पेवात उंदीरबी ऱ्हायला येणार न्हाई. जरा थांबा. कंदील सोडतो, उतरतो, बुडातली बुट्टी वर आणतो. उन्हात बघा."

"तू आणणार? म्हंजे तुला पायजे ती आणणार. मी उतरतो."

"उतरा. पण आदी कंदील."

"कंदील नगो. पिवळ्या उजेडात गाढवबी सोन्याचं दिसतं. त्याच्यावरच तर चाललंय तुमचं."

"कंदील हळद बघायला न्हाई आण्णा, हवा बघायला हाय. पेव निम्मं झालं की खालची हवा जड असती. घटकाभर कुणी हलवली न्हाई तर बसती तळाला."

हे तवनाप्पाला लहानपणापासून माहीत होतं. त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. पण मन एकदा नासलं की खरी गोष्टही त्यात पडून नासते. आकाराम जितका समजावू लागला तितकं त्याला वाटलं, हा वेळ काढतोय.

"हवाच बघायची न्हवं?" असं म्हणून त्यानं कंदिलाची दोरी सोडली, तिला आपली बॅटरी बांधली आणि पेटती पेवात सोडली. बॅटरी खाली गेली, हळदीला टेकली, आणि ऐटीत जळत राहिली. "बघ. विझली का? जळतीया न्हवं? मग झालं."

आटपाडीचा एक हमाल फिस्सकन हसला. हरणाबाई पुढं आली.

"आवं आण्णा, कंदिलाला नाक असतंय. तिला कुठं हाय?"

"तू गप."

"बरं, मी गप. पर दोरी तरी बांधा कमरंला."

"ती बांधतो. पण गाठ माझी मी मारणार."

*

आत उतरला तेव्हा आधी गार वाटलं. मग हळदीचा वास. तोच, लहानपणापासूनचा, पण जवळून खूपच जाड.

वरून आकारामचा आवाज: "बोलत ऱ्हावा आण्णा. आवाज थांबला की मी वढणार."

"बोलतोय, बोलतोय."

त्यानं बॅटरी उचलली. चटईजवळची हळद, मधली हळद, सगळी हिरवट. हातानं उकरून आणखी खाली बघितलं. गुडघ्यावर बसला, मग पोटावर.

"काय दिसतंय आण्णा?"

तवनाप्पानं उत्तर दिलं नाही. हा मला बोलायला का लावतोय? लक्ष उडावं म्हणून. बुडाची हळद नीट बघू नये म्हणून.

"आण्णा?"

तो गप्प राहिला. गप्प राहण्यात त्याला हुशारी वाटली. एक हळकुंड उचलून त्यानं मुठीत घट्ट धरलं, हा पुरावा. मूठ उजेडात धरली तर नखं निळी दिसली. ह्या उजेडात सगळंच तसं दिसतं, त्यानं स्वतःला सांगितलं. आमटीही. गुणमालाही. गुणमाला काय म्हणाली होती? काहीतरी म्हणाली होती, दोन शब्द. ते आठवायला त्यानं डोकं क्षणभर हळदीवर टेकवलं. बॅटरी समोरच पडली होती. किती स्वच्छ जळत होती. जरासुद्धा फडफडत नव्हती.

*

ऊन. तोंडावर पाणी. कुणीतरी धावत येतंय.

"कांदा फोडलाय, नाकाला लावा!" हा आटपाडीचा हमाल.

"आरं नगो कांदा, जैनाचं माणूस हाय ते!" ही हरणाबाई.

"नाकाला चालतोय गं मावशे, पोटाला न्हाई!"

तवनाप्पाला ओकारी आली, मग खोकला, मग श्वास. कमरेला दोरीचा चट्टा पेटल्यासारखा झोंबत होता. आकारामच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. तो ते तळवे मातीत दाबून बसला होता.

काही वेळानं तवनाप्पाला आपली मूठ दिसली. ती अजून मिटलेली होती. त्यानं ती उघडली. आतलं हळकुंड पिवळंधमक होतं.

त्यानं ते उन्हात वर धरलं, खाली धरलं. मग पहिला प्रश्न विचारला:

"माझी मूठ कुणी उघडली हुती?"

हरणाबाईनं कपाळावर हात मारला. "उघडत असती तर सोपं नसतं का झालं? दोघं दोन बाजूनी बसलो तळहात चोळायला. लोखंडाची मूठ तुमची. मेला असतासा तरी हळद सोडली नसती!"

हमाल हसले. तवनाप्पानं हळकुंड मोडलं. ठण्ण. आत नारिंगी. त्यानं अर्धा तुकडा दाताखाली धरला. त्याची हळद त्याला ओळख देत होती आणि तो तिच्याकडं परक्यासारखा बघत होता.

तेवढ्यात आकाराम उठला. त्यानं काच तडकलेला कंदील पेटवला, दुसऱ्या दोरीला बांधला आणि पेवात सोडू लागला. तवनाप्पा सरपटत तोंडाशी आला. हमालही वाकले. कंदील निम्म्यापर्यंत पिवळा जळत गेला. मग ज्योत लहान झाली, निळी झाली, आणि गेली. काळोखात खाली, हळदीवर, तवनाप्पाची बॅटरी तशीच पांढरी जळत होती.

"लय इमानी हाय," आटपाडीचा हमाल म्हणाला. "मालक मेला तरी इझणार न्हाई."

 तवनाप्पानं हातातला मोडका तुकडा पाहिला, मग खाली पाहिलं. त्या उजेडाला लाथ मारता आली असती तर त्यानं मारली असती. पण तो त्याच्या आवाक्याबाहेर होता.

"हळद माझीच हाय," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोला आण्णा," आकाराम म्हणाला. "मघाशी मोठ्यानं बोलला हुतासा."

तवनाप्पा बसल्या जागेवरून ओरडला, "हळद माझीच हाय! बदलली न्हाई!" आवाज फाटला. पण दोन्ही हमालांनी ऐकला. एकानं मान डोलावली. पेठेत मघाचं बोलणं जाणार होतं तसं आता हेही जाणार होतं.

हरणाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि भाकऱ्या झाकायला गेली. प्रकरण मिटलं असं तवनाप्पाला वाटलं. उठायचा प्रयत्न करत तो म्हणाला, "उद्या ऱ्हायलेली काढू. आणि चैत्रात भरायला ह्येच पेव ठेव."

"उद्याची काढून देतो," आकाराम म्हणाला. "चैत्रात दुसऱ्याचं पेव बघा."

"का रं? सांगितलं की सगळ्यांम्होरं."

"सांगितलंसा. हळदीकडं बघून सांगितलंसा. माझ्याकडं बघून न्हाई."

 तोंडाकडं बघण्यात आयुष्य गेलेल्या तवनाप्पानं मान वर करून आकारामच्या तोंडाकडं बघायला हवं होतं. पण त्याची नजर आकारामच्या हाताकडं गेली, तळव्यातून निघणाऱ्या पातळ रक्ताकडं, आणि तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी राहिलेली हळद निघाली. आकारामनं तळाशी पडलेली बॅटरी वर आणली, धोतराला पुसली आणि तवनाप्पाच्या हातात दिली. ती अजून जळत होती. भरतेशनं सेलांबद्दल सांगितलं होतं ते खरं होतं.

नव्या पेववाल्याकडं तवनाप्पाची हळद पुढं कैक वर्षं राहिली. पण तेव्हापासून तो कधी निवांत झोपला नाही. बॅटरी गुणमालेनं घेतली. संध्याकाळी किडे वाचवायला ती तिला पुरते.

पेव उघडलं त्या सकाळी, झाकण निघायच्या आधी, आकाराम पलीकडं कंदिलात रॉकेल भरत होता तेव्हा, तवनाप्पानं झाकणाच्या कडेची माती नखानं उकरून चैत्रात पेव लिंपताना गुपचूप उठवलेला आपल्या अंगठीचा ठसा बघितला होता. तो अख्खा होता.